जर्मन फादरांची पाठवणी

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचा इतिहास सांगू लागले की ‘निरोप्या’ मासिकापाशी थांबावेच लागते. १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ या लहानशा गावी फादर हेन्री डोरिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी ते सुरू केले. फादर डोरिंग जर्मन होते. चार वर्षांनी, १९०७ मध्ये, ते पुणे धर्मप्रांताचे बिशप झाले. खेड्यातल्या माणसांसाठी त्यांच्याच भाषेत मासिक काढणारा हा माणूस पुढे सात वर्षांनी सरकारदरबारी ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरला. त्यांनी काही केले म्हणून नव्हे, तर ते जिथे जन्मले होते त्या देशाशी इंग्लंडचे युद्ध सुरू झाले म्हणून. त्यांच्यासारख्याच अनेक धर्मगुरूंची आणि बंधूंची ही कथा आहे. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत तिला बहुधा दोन ओळींची जागा मिळते. ‘पुढे महायुद्धामुळे जर्मन फादरांना जावे लागले’ असे एक वाक्य लिहून आपण पुढे जातो. कोणत्या कायद्याने जावे लागले, कुठे जावे लागले आणि जाताना त्यांचा दर्जा काय होता, हे प्रश्न आम्ही येथे थोडे उलगडून पाहू इच्छितो.

मुंबई-पुणे मिशन जर्मन येशूसंघीयांकडे आले ते १८५४ पासून. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली त्यांनी स्थापिले, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स विद्यालय त्याच्या दोन वर्षे आधीचे. नगर जिल्ह्यातील खेडोपाडीचे मिशनकार्यही त्यांनीच उभारले. (वसईच्या आमच्या वाचकांसाठी एक खुलासा केला पाहिजे. वसईची धर्मग्रामे तेव्हा पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, दमणच्या धर्मप्रांतात होती. त्यामुळे हा वियोग नगर, पुणे व मुंबई यांना जितका जाणवला तितका वसईला जाणवला नसावा.)

या मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी लागते. ४ जुलै १८७२ रोजी बिस्मार्कच्या जर्मनीने कायदा करून येशूसंघाला आपल्या देशात बंदी घातली. संघाची मठगृहे बंद झाली, परदेशी सभासदांना हाकलता येऊ लागले आणि जर्मन सभासदांनी कोठे राहावे यावरही निर्बंध आले. जर्मन प्रांताची शिक्षणगृहे हॉलंडसारख्या शेजारी देशांत हलवावी लागली. म्हणजे १८७२ नंतर मुंबई बंदरात उतरलेला जर्मन येशूसंघीय हा जर्मन साम्राज्याचा दूत तर नव्हताच, उलट त्याच्या संघाला त्याच्याच सरकारने दाराबाहेर काढलेले होते. १९०४ साली त्या कायद्याचा हद्दपारीचा भाग रद्द झाला. पण संघावरील बंदी पूर्णपणे उठली ती एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना. या तारखेकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

४ ऑगस्ट १९१४ रोजी युद्ध जाहीर झाले. त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने परकीयांविषयीचा वटहुकूम काढला. १८६४ चा परकीय नागरिकांचा कायदा हाताशी होताच. वटहुकुमाने त्याला धार आणली. परकीय माणसाने कोठे राहावे, कोठे जाऊ नये, कोणापाशी हजेरी द्यावी आणि गरज वाटल्यास त्याला कोठे डांबून ठेवावे, हे सारे शासनाच्या हुकमावर सोपवले गेले. आरोप ठेवण्याची गरज नव्हती. न्यायाधीशापुढे उभे करण्याचीही नव्हती.

आरंभी हात थोडा सैल होता. लष्करी सेवेच्या वयाच्या पुरुषांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. वयस्क धर्मगुरूंना वचनावर आपापल्या ठिकाणी राहू दिले गेले. पण दिवस भीतीचे होते, आणि ती भीती सर्वस्वी खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या व तेथील तेलाच्या टाक्या पेटवल्या. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात हिंदी पलटणीने बंड केले. तिच्या पहाऱ्यात तेथील जर्मन कैदी ठेवलेले होते. छोटा नागपुरात उरांव आदिवासींच्या गाण्यांतून ‘जर्मन बाबा’चा धावा ऐकू येऊ लागला, आणि त्या मुलखात जर्मन प्रॉटेस्टंट मिशनरी दीर्घकाळ कार्य करीत होते. मे महिन्यात ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले आणि इंग्लंडात जर्मनांच्या दुकानांवर जमाव चालून गेले. १३ मे १९१५ रोजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी पार्लमेंटात धोरण जाहीर केले: लष्करी वयाचे शत्रुपुरुष स्थानबद्ध करावयाचे, स्त्रिया, मुले व त्या वयापलीकडचे पुरुष मायदेशी पाठवावयाचे. हिंदुस्थानातही पुढे तेच घडले.

अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, लष्करी ठाणे अशा रीतीने हिंदुस्थानातील नागरी स्थानबद्धांचे मुख्य ठिकाण झाले. व्यापारी, कारखान्यांतले तंत्रज्ञ, खलाशी, मिशनरी अशी एक हजाराहून अधिक माणसे तेथील बराकींत तारेच्या कुंपणामागे राहिली. काही पूर्व आफ्रिकेतून व इराकच्या बाजूनेही आणलेली होती. कुटुंबे व स्त्रिया यांच्यासाठी बेळगावी निराळी छावणी होती. १९१७ मध्ये जिनिव्हाच्या रेडक्रॉसचे प्रतिनिधी या छावण्या पाहून गेले. तोवर जर्मनांचे हितसंबंध पाहण्याचे काम अमेरिकेचे वकील करीत. अमेरिका स्वतः युद्धाच्या बाजूला वळल्यावर ते स्वित्झर्लंडकडे आले.

स्वित्झर्लंडचे नाव निघाले म्हणून सांगतो. सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर होते. पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतींचे त्यांनी केलेले काम अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. ते त्याच संघाचे, त्याच मिशनचे. भाषाही तीच, जर्मन. पण जन्म स्वित्झर्लंडमधील आप्पेनझेलचा, आणि स्वित्झर्लंड तटस्थ! म्हणून फादर ब्लॅटर आपल्या झाडपाल्यात राहू शकले आणि १९१९ मध्ये त्या कॉलेजचे प्राचार्यही झाले. एकाच मठगृहात, एकाच वेदीवर मिस्साबलिदान अर्पण करणाऱ्या दोन धर्मगुरूंपैकी एक शत्रू व दुसरा मित्र ठरत होता तो केवळ जन्मगावावरून. माणसाच्या आचरणाची चौकशी न करता वर्गवारीने केलेल्या बंदिवासाचे स्वरूप यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

आता कायद्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. हे स्थानबद्ध नेमके कोण होते? गुन्हेगार नव्हते, कारण गुन्हाच नोंदलेला नव्हता. सैनिक नव्हते, कारण हाती शस्त्र नव्हते. १९०७ च्या हेग करारात युद्धकैद्यांचे हक्क लिहिलेले आहेत, पण ते रणांगणावर पकडलेल्या सैनिकांचे. युद्ध सुरू झाले त्या दिवशी शत्रुदेशात शांतपणे नांदत असलेल्या सामान्य माणसाचा त्या करारकर्त्यांनी विचारच केला नव्हता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर शेजाऱ्यांना, दुकानदारांना व धर्मगुरूंना कोणी डांबून ठेवील, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नीही नसावे.

ही पोकळी न्यायालयांनी भरली, पण उलट्या बाजूने. लंडनला लीबमान नावाच्या एका जर्मनवंशीय गृहस्थाने बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, अर्ज केला. माणूस अनेक वर्षे इंग्लंडातच राहिलेला. १९१६ च्या विधिवृत्तात नोंदलेल्या या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की, स्थानबद्ध केलेला शत्रुनागरिक हा युद्धकैद्यासमानच मानावयाचा. आणि युद्धकैद्याला हा अर्ज करण्याचा अधिकार नाही. या तर्काची गंमत, खरे तर क्रौर्य, वाचकांनी नीट पाहावे. ‘युद्धकैदी’ ही पदवी सैनिकाच्या बाबतीत ढाल असते. ती त्याला अन्न, वेतन, पत्रे आणि सन्मान मिळवून देते. नागरिकाच्या बाबतीत तीच पदवी कुलूप म्हणून वापरली गेली. न्यायालयाचे दार बंद करण्यापुरता तो युद्धकैदी होता. कराराने दिलेल्या हक्कांवर मात्र त्याचा दावा नव्हता. छावणीत त्याला जे मिळे ते सरकारच्या मर्जीने, आणि आपल्या माणसांनाही शत्रूने तसेच वागवावे या परस्परांच्या हिशेबाने मिळे. अहमदनगरच्या बराकीतल्या माणसाला मुंबईच्या उच्च न्यायालयात जाऊन ‘माझा अपराध सांगा’ असे म्हणण्याची वाटच उरली नव्हती.

मग आली पाठवणी. ‘गोलकोंडा’ हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे जुने वाफेचे जहाज. १९१५ च्या अखेरीस व पुन्हा १९१६ च्या आरंभीच्या महिन्यांत, अशा दोन फेऱ्यांत त्याने हिंदुस्थानातील जर्मन मिशनरी, त्यांच्या बायका-मुले, वृद्ध व इतर पाठवणीयोग्य ठरलेली माणसे युरोपात नेली. कॅथलिक, लुथेरन, बासेल मिशनचे, गॉसनर मिशनचे, सर्व एकाच जहाजावर. धर्मपंथांतील जे अंतर इथल्या बाजारपेठांत आणि खेड्यांत अनेक वर्षे कमी झाले नव्हते, ते सरकारने एका यादीत पुसून टाकले. शेवटच्या फेरीनंतर काही आठवड्यांतच, जून १९१६ मध्ये, हे जहाज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सुरुंगाला लागून बुडाले. सुदैवाने तेव्हा हे प्रवासी त्यावर नव्हते.

‘पाठवणी’ हा शब्द आपण लेकीच्या बाबतीत वापरतो. लेक सासरी जाते, पण माहेरचे दार तिला उघडे असते. सरकारी भाषेत या लोकांना ‘माहेरी’च पाठवले जात होते. परंतु येशूसंघीयांचे माहेर कोणते? १९१५-१६ साली जर्मनीत त्यांच्या संघावर कायद्याने बंदी होती. ती उठली १९१७ मध्ये. म्हणजे इंग्रज सरकार त्यांना ‘तुम्ही जर्मन आहात म्हणून जा’ म्हणत होते, आणि ज्या देशात पाठवत होते तो देश ‘तुम्ही येशूसंघीय आहात म्हणून तुमच्या संघाला येथे जागा नाही’ असे कायद्याने सांगत होता. वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी मराठीत पापनिवेदन ऐकले, मराठीत प्रवचने केली, त्यांचे घर खरोखर कोठे होते हे कायद्याने विचारले नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा अन्याय येथे आहे. तारेच्या कुंपणामागची वर्षे कठीण असतीलच. पण कुंपण युद्ध संपले की निघते. घरातून काढून ‘घरी’ पाठवणे हे कायमचे असते.

त्यांतील प्रत्येक जण मनाने सर्व राष्ट्रांच्या पलीकडे गेलेला होता असे आम्ही म्हणत नाही. काहींच्या मनात मायदेशाच्या विजयाची इच्छा असणे स्वाभाविक होते. इंग्रज धर्मगुरूंच्या मनात ती त्यांच्या देशाविषयी होतीच की. मनातली इच्छा आणि हातून घडलेले कृत्य यांतील फरक तपासण्यासाठीच तर न्यायालये असतात.

मागे राहिलेल्या मंडळाचे काय झाले? मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गन्स हे स्वतः जर्मन. सप्टेंबर १९१६ मध्ये, पदावर असतानाच, ते प्रभूच्या घरी गेले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईची गादी रिकामी राहिली. डिसेंबर १९१९ मध्ये फादर आल्बन गुडियर यांची नेमणूक झाली. ते इंग्रज येशूसंघीय, १९१४ मध्ये मुंबईस आलेले. मधल्या काळात शाळा व धर्मग्रामे देशी धर्मगुरूंनी आणि इतर देशांच्या येशूसंघीयांनी कशीबशी सांभाळली.

युद्ध संपले तरी परतीची वाट मोकळी झाली नाही. व्हर्सायच्या तहाच्या २१४ व्या कलमात युद्धकैदी व स्थानबद्ध नागरिक यांना शक्य तितक्या लवकर मायदेशी पाठवावे असे आहे. वाचताना हे औदार्य वाटते. पण २२० वे कलम पाहिले की अर्थ बदलतो. ज्याला परत जायचे नाही त्याला वगळता येईल, मात्र त्याचे काय करावयाचे, त्रयस्थ देशात पाठवायचे की आपल्या मुलखात राहू द्यायचे, हे विजेत्या राष्ट्रांनी आपल्या मर्जीने ठरवायचे. राहण्याचा हक्क कोणालाच दिला नाही. १० जानेवारी १९२० रोजी तह अमलात आला. त्याच्या आगेमागे अहमदनगर रिकामे झाले.

मिशनच्या मालमत्तेसाठी याच तहात ४३८ वे कलम होते. जर्मन मिशनांची मालमत्ता मिशनकार्यासाठीच वापरावी, पण ती त्याच धर्मपंथाच्या विश्वस्तांकडे द्यावी, असा त्याचा आशय. कॅथलिक मिशनांची मालमत्ता पवित्र सिंहासनाच्या हातून सुटू नये यासाठी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मोन्सिन्योर चेरेत्ती यांना पॅरिसला धाडले होते. बासेल मिशनचे नशीब निराळे. त्याचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कोकणातल्या ज्या घरांवर मंगळुरी कौले आहेत, त्यांतील कित्येक कौलांचा कारखाना या युद्धाने मालकाच्या हातून गेला, हे कौले शाकारणाऱ्यांना कोठून ठाऊक असणार! ३० नोव्हेंबर १९१९ रोजी याच पोप महाशयांनी ‘माक्सिमुम इल्लुद’ हे प्रेषितीय पत्र काढले. मिशनऱ्याने आपल्या राष्ट्राचा नव्हे तर ख्रिस्ताचा दूत असावे आणि स्थानिक धर्मगुरू घडवावेत, असा त्याचा रोख आहे. त्यामागे युद्धातल्या मिशनांची ही दशा होती, हे विसरता येत नाही.

मुंबईचे मिशन स्पेनच्या आरागॉन प्रांताच्या येशूसंघीयांकडे सोपवले गेले. १९२२ मध्ये त्यांच्यातले फादर हेरास मुंबईस आले आणि पुढे त्यांनी इतिहास-संशोधनाची मोठी परंपरा घालून दिली. जर्मन गेले नसते तर हेरास आले असते की नाही, कोण जाणे. तिकडे फादर आल्फोन्स फेथ यांनी १९२० साली जर्मन भाषेत मुंबई-पुणे मिशनचा १८५४ पासूनचा इतिहास प्रसिद्ध केला. तो अजून मराठीत आलेला नाही, असे आम्हांस वाटते. कोणी तरुण अभ्यासकाने हे काम अंगावर घ्यावे.

परकीयांवर चालवलेले शस्त्र म्यानात परत जात नाही, ते घरच्यांवरही चालते. मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा झाला आणि विनाचौकशी बंदिवासाची रीत हिंदी लोकांना लागू झाली. १९१७ साली ॲनी बेझंट स्थानबद्ध झाल्या. दुसरे महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये अहमदनगरला पुन्हा जर्मन आणले गेले, पुढे ते देवळाली व डेहराडूनला हलवले गेले. हिटलरच्या छळाला भिऊन इकडे आलेल्या ज्यू निर्वासितांनाही आधी ‘जर्मन’ म्हणूनच पकडले, मग चौकशी समितीने त्यांतील पुष्कळांची सुटका केली. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच नगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद, वल्लभभाई, शंकरराव देव अशा बारा नेत्यांना आणले गेले. तेही विनाआरोप, भारत संरक्षण नियमांच्या सव्विसाव्या नियमाखाली. एप्रिल १९४३ मध्ये मुंबई प्रांतातील केशव तळपदे यांच्या खटल्यात संघ न्यायालयाने, सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश असताना, हा सव्विसावा नियम बेकायदा ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून तो पुन्हा कायदेशीर केला. न्यायालयाने दार उघडावे आणि शासनाने मागून कडी घालावी, असा तो खेळ.

त्या किल्ल्यात बसलेल्यांपैकी काही जण पुढे घटना समितीत होते. तरीही आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात, अटकेची कारणे कळण्याचा, वकील घेण्याचा व चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क सांगितल्यावर तिसऱ्या खंडात लिहिले आहे की, हे हक्क शत्रुदेशीय परक्याला नाहीत.

१९६२ साली त्याची प्रचीती आली. चीनशी युद्ध झाले तेव्हा आसाम व उत्तर बंगालमधून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यासाठी केलेल्या कायद्यात आईबापच काय, आजा-आजीपैकी एक चिनी असले तरी पुरे होते. त्यांतील कित्येक येथेच जन्मलेले होते. काहींना जहाजांनी चीनला पाठवले गेले. जो देश त्यांनी कधी पाहिलाच नव्हता त्याला ‘मायदेश’ म्हणून! शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. आसामात परतलेल्यांना आपली घरेदारे लिलावात गेलेली दिसली.

वास्तविक तोवर कायदा एक पाऊल पुढे आला होता. १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हात चौथा करार झाला आणि युद्धकाळातील सामान्य नागरिकांसाठी जगाने प्रथमच संपूर्ण नियमावली लिहिली. सुरक्षेला अत्यावश्यक असेल तरच स्थानबद्धता, न्यायालयाकडून वा मंडळाकडून वर्षातून दोनदा फेरविचार, श्रद्धेसाठी वा मतांसाठी जिथे छळ होण्याची भीती आहे तिथे धाडण्यास मनाई. १३४ व्या कलमात तर सुटलेल्या माणसाने कोठे जावे हे सांगताना आधी ‘शेवटचे राहते ठिकाण’ लिहिले आहे आणि मायदेशी पाठवणी त्यानंतर. भारताने १९५० मध्ये या करारास मान्यता दिली. हा क्रम १९१६ साली असता तर केंदळ, पुणे, मुंबई ही नावे आधी आली असती.

बिशप डोरिंग यांना रोमने १९२१ मध्ये जपानात हिरोशिमा येथे पाठवले. तेथे सहा वर्षे काढून १९२७ मध्ये ते पुण्याला, आपल्या पहिल्याच गादीवर, आर्चबिशप ही पदवी घेऊन परतले. पुढचे महायुद्धही त्यांनी पाहिले. १९४८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९४९ साली, जिनिव्हाचा तो करार झाला त्याच वर्षी, बिशप अँड्र्यू डिसोझा हे पुण्याचे पहिले भारतीय बिशप झाले.